कोंबडी तुमच्याच पसंतीची

२ फेब्रुवारी, सोमवार

कोंबड्या!

सासूबाई सकाळी मागच्या अंगणात उभ्या होत्या. तिथल्या लाकडी खोलीकडे बघत होत्या. 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून ठेवलेल्या सगळ्या मोडक्या खुर्च्या तिच्यात आहेत. बघता बघता म्हणाल्या, "इथं कोंबड्या छान राहतील, नाही?"

एवढंच. सहज. पण मी ते वाक्य वरच्या वर झेललं. "वा! काय कल्पना आहे, आई! मला कित्येक दिवस तेच वाटतंय!"

कधीच वाटलं नव्हतं! मला पक्ष्यांची भीती वाटते. लहानपणी मामाच्या पोपटाने कानाला चावा घेतला होता, तेव्हापासून चिमणी जरी खिडकीत आली तरी मी पडदा ओढतो.

पण करणार काय? बायको बंदराच्या कामावर परदेशी गेलीय — गाळ काढणाऱ्या जहाजावर इंजिनिअर. या वर्षी परत यायची नाही. विमानतळावर मिठी मारता मारता कानात म्हणाली, "आईला रमव. ती पुन्हा एकटी राहायला गेली ना, तर मला तिकडे झोप लागायची नाही." सासूबाईंच्या घराचं छत गळतं, त्याचं काम चाललंय, म्हणून त्या सध्या माझ्याकडे. छत झालं की जाणार. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या आणि बराच वेळ कोणाला कळलंच नव्हतं. त्यावर त्या एक अक्षर बोलत नाहीत.

आणि आम्ही दोघं एकमेकांशीही फारसं बोलत नाही. भांडण नाही हं! उलट. भयंकर सभ्यपणा. बशीतलं शेवटचं बिस्किट "तुम्ही घ्या ना", "छे छे, तुम्ही घ्या" करता करता मऊ पडतं. मग ते मुंग्या घेतात.

तर — कोंबड्या. रमतील.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोंबडी म्हणजे कोंबडी, असं मी समजत होतो. नाही! जाती आहेत. ढिगाने! बायको पसंत करताना मी इतका विचार केला नव्हता. (तिने केला होता. तिनेच सांगितलंय.)

माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, वाचत बसलो. पांढरी लेगहॉर्न — अंडी घालायचं यंत्रच, पण बुजरी, आणि कुंपणावरून उडते. तांबडी ऱ्होड आयलंड — काटक, काहीही खाते, कुठल्याही हवेत टिकते, पण दुसऱ्या कोंबड्यांवर दादागिरी करते. सोनेरी ऑर्पिंग्टन — गुबगुबीत, शांत, माणसाच्या मांडीवर बसते. (मांडीवर! कोणाच्या?) शिवाय उठसूट खुडूक होते. खुडूक म्हणजे, अंडी असोत नसोत, उबवायला ठाण मांडते आणि हलत नाही. माझ्या काकांचं निवृत्तीनंतर असंच झालं होतं.

संध्याकाळी डोळे तपासायला एक शिक्षिका आल्या. भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता त्यांना टेबलावरचं पांढऱ्या कोंबडीचं चित्र दिसलं. "क… म… लेगहॉर्न घेताय का? घेऊ नका हो. आमची एक विजेच्या खांबावर बसायची… र… ळ…"

दूरची नजर उत्तम आहे त्यांची.

८ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला कोणती जात आवडेल?"

"तुम्हाला आवडेल ती."

"नाही, पण तुमच्या मनात काही असेलच ना."

"माझं काय! तुमची हौस मोठी."

माझी हौस! मी हसलो. त्यांनाही वाटलं आपण हसावं, म्हणून त्याही हसल्या. मग दोघं मिळून एका कोंबडीच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिलो. फोटो बहुतेक कोंबड्याचा होता.

सासूबाई मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. आयुष्यभर वॉर्ड चालवला. त्यांच्या नुसत्या बुटांचा आवाज आला तरी परिचारिका गप्प व्हायच्या, असं बायको सांगते. आमच्या घरात मात्र त्या पंखा लावायच्या आधीसुद्धा विचारतात — "लावू का?"

९ फेब्रुवारी, सोमवार

बायकोचा फोन. "आई काय म्हणतेय?"

"कोंबड्या पाळायच्या म्हणतेय!"

मग म्हणाली, "आई? कोंबड्या?"

"खूप हौस आहे गं त्यांना!"

"…बरं," म्हणाली. लाइन खरखरत होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या भोंगेकाकांची परवानगी काढायला गेलो. काका कारखान्यात भोंगा वाजवायच्या कामावर होते. अर्धं आयुष्य पहाटे अख्ख्या वस्तीला गादीवरून उडवलं. आणि आज मला म्हणतात, "हे बघा, मला आवाजाचा त्रास होतो."

"काका, कोंबडा नाही आणणार. फक्त कोंबड्या."

"त्या काय मौन पाळतात?"

शेवटी तयार झाले. अट — कोंबडी त्यांच्या आवारात दिसता कामा नये. शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जातं!

१५ फेब्रुवारी, रविवार

आणल्या!! सविस्तर लिहितो. कानात अजून कलकलाट आहे.

गावाबाहेर एक बाई कोंबड्या वाढवून विकतात. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बादली, आणि बोलणं एकदम तोडून. "अंडी हवीत, मांस हवं, की शोभा?"

मी म्हणालो, "यांना विचारा." त्याच क्षणी सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांना विचारा."

बाईंनी बादली खाली ठेवली. "पाळणार कोण?"

"हे." "या."

"पूर्वी कधी पाळल्यात?"

"नाही!" — यावर मात्र एकमत झालं.

"मग नीट ऐका. पिल्लं नेऊ नका, त्यांना ऊब द्यावी लागते, तुम्हाला जमायचं नाही. अंड्यावर आलेल्या तलंगा न्या. तलंग म्हणजे तरणी कोंबडी. तीन-चार तरी हव्यात, एकटी झुरते. आणि सगळ्या एकाच जातीच्या न्या, नाहीतर फार तर दोन, शांत स्वभावाच्या. भलभलत्या एकत्र कोंबल्या की मारामाऱ्या होतात."

इतका स्वच्छ सल्ला मला आजवर कोणी दिला नव्हता. ऐकायला काही हरकत नव्हती. पण सासूबाई तांबडीसमोर थांबल्या. तांबडी ताठ उभी, मान वर, बाकीच्यांवर नजर. "ही शिस्तीची दिसते," असं अगदी हळू म्हणाल्या. मला वाटलं — पसंत पडली! "ही द्या!" मी ओरडलो.

मग मी सोनेरीकडे बघितलं. घाबरून बघितलं, ती माझ्या बुटावर बसली होती आणि मला पाय हलवता येत नव्हता. सासूबाईंना वाटलं, माझा जीव जडला. "ही पण द्या."

पांढरी कोणालाच नको होती. ती आपण होऊन आमच्या टोपलीत उडी मारून बसली. काढायला गेलो तर टोचली. म्हटलं, राहू दे.

चौथी पोलिश जातीची, काळी, डोक्यावर पांढऱ्या पिसांचा एवढा मोठा झुपका की डोळे कुठे आहेत ते कळेना. ती चालत चालत आली आणि सरळ भिंतीवर आपटली. मागे सरली. परत आपटली. सासूबाई आणि मी एकदमच म्हणालो, "अरेरे!"

"शोभेची आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा पाळणाऱ्याने घेऊ नये."

घेतली.

चौघी, चार जातींच्या! बाईंनी बादली उचलली आणि आमच्याकडे न बघता निघून गेल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नावं. मी ठेवली — हवालदारीण (तांबडी), गादी (सोनेरी), पळपुटी (पांढरी), झिपरी (झुपकेवाली). सासूबाईंनी ऐकून घेतली, छान आहेत म्हणाल्या. संध्याकाळी खुराड्याजवळ (तीच लाकडी खोली, खुर्च्या काढून) गेलो तर त्या स्वतःशी पुटपुटत होत्या — "खाट एक, खाल्लं. खाट दोन, खाल्लं. खाट तीन, जागेवर नाही —"

पळपुटी जागेवर नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ती भोंगेकाकांच्या गाडीच्या टपावर होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दिनक्रम असा ठरलाय. सकाळी मी खुराड्याचं दार उघडतो. म्हणजे काठीने. लांबून. मग सासूबाई पाणी बदलतात — नाकाला पदर लावून. मला वाटतं, इस्पितळातली सवय. दोघंही तोंडभरून म्हणतो, "किती गोड आहेत!" आणि घाईघाईने घरात येऊन हात धुतो. साबण दुप्पट संपतोय.

पण एक चांगलं झालं. आता बोलायला विषय आहे! काल जेवताना आम्ही शेणखत चांगलं की कोंबडीखत, यावर बोललो. जेवताना!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भोंगेकाका फाटकात. हातात त्यांची बागेतली गवती टोपी. टोपीत अंडं.

"हे काय?"

"अंडं, काका."

"ते दिसतंय! माझ्या टोपीत का?"

माफी मागितली. टोपी धुऊन देतो म्हटलं. काका जायला वळले, थांबले. "अंडं… ठेवू का मी?"

"ठेवा ना!"

१ मार्च, रविवार

काकांनी टोपीत गवत घालून ती पायरीवर ठेवलीय. मुद्दाम. वर मलाच म्हणतात, "तुमची कोंबडी माझ्याकडे येते, तुम्ही काहीतरी करा!" म्हणून पळपुटीचे पंख कापायचं ठरलं. एकाच पंखाची लांब पिसं कापायची, म्हणजे तोल जातो आणि उडता येत नाही. नखं कापल्यासारखं, दुखत नाही.

कोणीतरी धरायचं आणि कोणीतरी कापायचं. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला कापायचं असेल ना?" मी म्हणालो, "तुम्हाला धरायचं असेल ना?" — घोटाळा! कारण त्यांना धरायचं नव्हतं आणि मला काहीच करायचं नव्हतं.

शेवटी मी डोळे मिटून धरली. कोंबडी आतून इतकी गरम असते, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिचं काळीज! माझ्यापेक्षा जोरात धडधडत होतं. म्हणजे तिला माझी भीती वाटते! मला हे कधी सुचलंच नव्हतं. डोळे उघडले.

सासूबाईंची कात्री मात्र — वा! दोन सेकंदांत काम. "झालं. पुढचा पेशंट," म्हणाल्या आणि जीभ चावली.

४ मार्च, बुधवार

भोंगेकाका रागावलेत. पळपुटी येत नाही म्हणून.

५ मार्च, गुरुवार

झिपरीचं काही खरं नाही. हवालदारीण तिला दाण्याजवळ फिरकू देत नाही, टोचून टोचून मानेवरची पिसं उपटलीत. झिपरी उलट टोचत नाही, पळतही नाही. नुसती गोल गोल फिरते. सासूबाई बघत होत्या. मेट्रनचा चेहरा. "खाट चार वजनाने उतरलीय. कोंबडीवाल्या बाई बरोबर म्हणत होत्या, जावईबापू. आपण चुकीची निवडली."

त्यांचा आवाज जरा ओला होता. झोपताना मला एक गोष्ट सुचली. उद्या बघतो.

६ मार्च, शुक्रवार

विजय! विजय!!

सकाळी झिपरीसमोर बसलो. बोट तिच्या उजवीकडून हळूहळू पुढे आणलं. काही नाही. डावीकडून — काही नाही. समोरून — नाकासमोर म्हणजे चोचीसमोर येईपर्यंत काही नाही, आणि मग एकदम दचकून किंकाळी! अहो, ही भित्री नाही, मूर्ख नाही. हिला दिसतच नाही! झुपक्याने दोन्ही डोळे झाकलेत. गेली वीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय, की पोरगं अभ्यासात मठ्ठ नसतं, फळा दिसत नसतो! आणि माझ्याच अंगणात…

दुकान उघडायची वेळ झालेली. झिपरीला पिशवीत घातलं, घेऊन गेलो. तिथली कात्री बारीक आहे आणि दिवा चांगला आहे. खुर्चीवर बसवली. हनुवटी टेकायच्या पट्टीवर हनुवटी टेकवता आली नाही, बाकी सगळं रीतसर. एकेक पीस कापत होतो, तेवढ्यात बँकेतले साहेब चष्मा न्यायला आले. दारातच थांबले.

"रांग आहे का?"

"बसा. हिचं होतच आलंय."

ते बसले! वर्तमानपत्रही उघडलं. थोड्या वेळाने पानाआडून म्हणाले, "नंबर जास्त आहे का?"

शेवटचं पीस गेलं. झिपरीचा डोळा दिसला — नारिंगी, गोल. तिने मान वाकडी करून दिव्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग माझ्याकडे, खूप वेळ. चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर चढला की लहान मुलं अशी बघतात. मी — हसू नये कोणी — दिवा जरा मंद केला.

मग ती खुर्चीवर घाण करून खाली उतरली.

७ मार्च, शनिवार

हवालदारीण टोचायला आली. झिपरीने ती येताना बघितली. बाजूला सरली, आणि सण्णकन एक ठेवून दिली! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने! मग पदर सावरून इकडेतिकडे बघितलं.

"तुम्ही डोळे तपासलेत?" म्हणाल्या. "कोंबडीचे?"

"हो."

"शाबास," म्हणाल्या. पाठीवर थाप मारायला हात उचलला, आणि मध्येच खाली घेतला.

११ मार्च, बुधवार

माझं चष्म्याचं घर हरवलंय. चष्मेवाल्याचं चष्म्याचं घर!

१३ मार्च, शुक्रवार

सापडलं. गादी खुडूक झालीय आणि ते उबवत बसलीय. काढायला हात घातला तर फुगली आणि फुस्स केलं. असू दे. बघू काय निघतं ते.

१८ मार्च, बुधवार

खुडूक कोंबडीला दिवसातून दोन-तीनदा उचलून बाहेर काढावं लागतं, नाहीतर खातपीत नाही. हे काम सासूबाई करतात. आज दुकानातून दुपारीच परतलो तर त्या अंगणात पालथ्या बादलीवर बसलेल्या, गादी मांडीवर. पदर नाकाला नव्हता.

मी शेजारच्या विटेवर बसलो. त्या गादीकडे बघत म्हणाल्या, "हिला उठवलं की पाय आखडलेले असतात. थोडा वेळ धरावं लागतं." मग तिचा पाय चोळत, "मी पडले तेव्हा माझा एक पाय असाच अंगाखाली होता."

मी वीट जवळ सरकवली.

"किती पेशंट कुशीवर वळवले असतील मी! हजारो. कसं वळवायचं ते नव्या पोरींना शिकवलं. आणि मला स्वतःला वळवता येईना. शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येत होता. बातम्या झाल्या, गाणी झाली, परत बातम्या झाल्या. ओरडायची लाज वाटत होती, जावईबापू. काय ओरडायचं? 'वाचवा'? मी?"

गादी मांडीवरून उतरली आणि लंगडत दाण्यांकडे गेली.

"हिला सांगू नका," म्हणाल्या. 'हिला' म्हणजे बायकोला, हे मला क्षणभर उशिरा कळलं. मी मान हलवली.

२२ मार्च, रविवार

आज न विचारता पंखा लावला! सासूबाईंनी. मला इतका आनंद झाला की थंडी वाजत असूनही तसाच बसून राहिलो.

२६ मार्च, गुरुवार

गवंड्याचा फोन. छत झालं. गळत नाही. घर राहायला तयार.

सासूबाई जेवताना म्हणाल्या, "मग मी रविवारी निघते."

माझ्या तोंडून निघालं, "आणि कोंबड्या?"

"त्यांचं काय? तुमच्याच आहेत ना."

"माझ्या? तुमच्या!"

"माझ्या कशा?"

"तुम्हाला हौस होती म्हणून आणल्या!"

"मला?" चमचा खाली. "जावईबापू, मला कोंबड्यांचा वास सहन होत नाही. पहिले पंधरा दिवस मी खुराड्यातून आले की न्हाणीघरात जाऊन उलटीची वाट बघायचे. तुम्हाला इतकी आवड, म्हणून —"

"मला पक्ष्यांची भीती वाटते!"

"काय?"

"पोपट चावला होता. कानाला. मी काठीने दार उघडतो, तुम्ही बघितलं नाही?"

"मला वाटलं तीच पद्धत आहे!"

मग खोदून खोदून काढलं. विमानतळावर बायकोने मला मिठी मारली आणि म्हणाली, 'आईला रमव.' आणि त्याच्या पाच मिनिटं आधी आईला मिठी मारली आणि म्हणाली, 'आई, हा एकटा पडला की दुकानातून घरीच येत नाही, तिथेच काहीबाही खाऊन झोपतो. याला रमव.' म्हणून सासूबाईंनी अंगण बघून पहिलं सुचलं ते बोलून टाकलं. आणि मी उडी मारली!

म्हणजे या घरात कोंबड्या कोणालाच नको होत्या. कोणालाच! चार जाती! खुराडं! पंख! भोंगेकाकांची टोपी!

सासूबाई हसायला लागल्या. आधी पदराआड. मग पदर सुटला. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी, टेबलावर थापा. मला ठसका लागला. त्यांनी पाठीवर दाणदाण मारलं — इस्पितळातल्यासारखं.

हसू संपलं. दोघांनी डोळे पुसले. हसू संपल्यावर घर फारच शांत वाटलं.

"तरी राहा ना, आई," म्हणालो.

"तुम्ही फार चांगले आहात हो," म्हणाल्या. "पण पाहुण्यासारखं किती दिवस राहणार? मी पडले त्याच घरात मला पुन्हा उभं राहून बघायचंय. आणि तिथे मी चिडले तर भांडं आपटू शकते."

बरोबरच आहे. शेवटचं बिस्किट बशीत. कोणीच घेतलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

रबरी बूटवाल्या बाईंना फोन केला. कोंबड्या परत घेता का?

"घेत नाही. बाहेर गेलेली परत कळपात आणली की रोग येतात." मग जरा थांबून, "भांडतात का?"

"नाही हो. आता नाही. चौघी एकाच दांडीवर झोपतात."

"मग परत कशाला देताय?"

फोन ठेवला.

बायकोचाही फोन आला. दोघांनी एकाच फोनवरून तिला झापलं. ती आधी हसली, मग आई जाणार हे ऐकलं. "ठीक आहे," म्हणाली. "तिची इच्छा." नाक ओढल्याचा आवाज आला. लाइन आज अगदी स्वच्छ होती.

२८ मार्च, शनिवार

सासूबाईंची बॅग दाराशी. त्यांनी आज खुराडं घासून पुसून काढलं, दांडी बदलली, आणि प्रत्येकीबद्दल मला सांगितलं — तोंडी, वॉर्ड ताब्यात देतात तसं. खाट एकला आधी दाणा द्या, नाहीतर ती दुसऱ्यांचा खाते. खाट दोनला उचलताना खालून आधार द्या. खाट तीनच्या पंखावर लक्ष ठेवा, पिसं परत येतात. खाट चारचा झुपका महिन्याभरात वाढेल.

"वाढला की कापाल ना?"

"कापीन."

"दुकानात नेऊ नका. इथेच कापा."

"बरं."

मी चौघींना हाताने दाणा घातला. काठी न घेता. कोणाला दाखवायला नव्हे. सासूबाई आत होत्या, पदर खोचून चहाची भांडी विसळत.

२९ मार्च, रविवार

टॅक्सी आली. मी बॅग घेऊन फाटकाबाहेर, सासूबाई चपला घालत पायरीवर. मागून चौघी कशा आल्या कळलंच नाही. फाटकातून रस्त्यावर! हवालदारीण पुढे, झिपरी टॅक्सीखाली, भोंगेकाका टोपी घेऊन धावत —

"अरे गाढवा! फाटक लाव ना आधी! बघतोस काय!"

मी वळून बघितलं. मला! 'तुम्ही' नाही, 'जावईबापू' नाही. रस्त्याला ऐकू जाईल असं. मेट्रनच्या आवाजात.

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी म्हणालो, "लावतो, आई."

चौघींना आत घेतलं. आईंना आत घेतलं. बॅग आत घेतली. मग फाटक लावलं. टॅक्सीवाला बराच वेळ भोंगा वाजवत होता.

"जा म्हणावं त्याला," आई आतून ओरडल्या. "आणि हात धू!"